स्टे लागला, पुढे काय? इंदूर खंडपीठातल्या नवख्यांसाठी

सरकारच्या एखाद्या धोरणाला मध्य प्रदेश हायकोर्टाने स्थगिती दिली की संध्याकाळपर्यंत इंदूरच्या रामबाग, राजेंद्र नगर, लोकमान्य नगरातून फोन सुरू होतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "वकीलसाहेब, आता सरळ सुप्रीम कोर्टात जायचं ना?" बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, निदान लगेच तरी नाही. अंतरिम आदेश, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता आदेश, उठवायचं पहिलं दार ज्या कोर्टाने तो दिला त्याचंच असतं. दुसरं त्याच इमारतीत, पण ते सगळ्यांसाठी उघडत नाही. दिल्ली त्यानंतर. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे लोक पैसे आणि महिने दोन्ही घालवतात. म्हणून हे लिहितो आहे, पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी आणि नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींसाठीही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, राज्य शासनाने शिक्षक भरतीत अतिथी शिक्षकांसाठी, म्हणजे तात्पुरत्या नेमलेल्या शिक्षकांसाठी, काही जागा राखून ठेवल्या. तुमची भाची खरगोनजवळच्या सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका आहे आणि निवड यादीत तिचं नाव आलं आहे. तेवढ्यात बाहेरून परीक्षा देणाऱ्या काही उमेदवारांनी इंदूर खंडपीठात रिट याचिका लावली आणि भरतीला स्टे मिळवला. भाची त्या याचिकेत कुठेच नाही. आता काय करायचं?

आदेश डोळ्यांनी वाचा

बातमी वाचून नाही, व्हॉट्सअॅपवर आलेल्या चार ओळी वाचून तर मुळीच नाही. केस नंबर मिळवा आणि हायकोर्टाच्या संकेतस्थळावरून आदेश उतरवून घ्या. बहुतेकदा एक-दोन पानांचा असतो. वर कोर्टाचं नाव, मग ‘डब्ल्यू.पी.’ (रिट याचिका) आणि नंबर, तारीख, कोणाकडून कोण वकील हजर होते त्या ओळी, मग मजकूर, आणि शेवटी बहुधा ‘सी.सी. अॅज पर रूल्स’, म्हणजे नियमाप्रमाणे नक्कल मिळेल. नवखा माणूस मधला मजकूर वाचतो आणि वरच्या ओळी सोडून देतो. खरा मसाला त्या वरच्या ओळींत असतो.

पहिलं बघा, आदेश एका न्यायमूर्तींचा आहे की दोघांचा. साधी सेवाविषयक रिट एकल पीठापुढे जाते. कायदा किंवा नियमच घटनाबाह्य आहे असं आव्हान असेल किंवा जनहित याचिका असेल, तर ती खंडपीठापुढे, दोन न्यायमूर्तींपुढे चालते. पुढचा सगळा रस्ता या एका गोष्टीवर ठरतो. शब्दांचाही एक घोटाळा आहे: इंदूरच्या कोर्टालाही आपण खंडपीठ म्हणतो आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठालाही. यापुढे मी दुसऱ्याला ‘दोघांचं पीठ’ म्हणेन.

दुसरं बघा, त्या दिवशी सरकारी वकील हजर होते का. आपल्याकडे याचिकेची प्रत आधीच महाधिवक्त्यांच्या कार्यालयात द्यावी लागते, त्यामुळे पहिल्याच तारखेला शासकीय अधिवक्ता बहुधा उभे असतात. त्यांना ऐकून आदेश झाला असेल तर तो एकतर्फी म्हणता येत नाही. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

मग मजकूर. ‘पुढील तारखेपर्यंत’ असं लिहिलं असेल आणि त्या तारखेला मुदत वाढवली गेली नाही, तर स्थगिती तिथेच संपते. अशा वेळी भांडण कशाचं? फक्त तारखेवर लक्ष ठेवायचं. ‘जैसे थे’ असेल तर कोणत्या तारखेची स्थिती, ते शोधा. ‘सक्तीची कारवाई करू नये’ म्हणजे धोरण थांबलेलं नाही, फक्त याचिकाकर्त्यांना हात लावायचा नाही. आणि ‘नियुक्त्या याचिकेच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील’ असं वाक्य असेल तर ती स्थगितीच नव्हे. भरती चालू राहू शकते, डोक्यावर टांगती तलवार ठेवून. वर्तमानपत्रात मात्र तेही ‘कोर्टाचा झटका’ म्हणूनच छापून येतं.

आदेश झालेल्या गोष्टींबद्दल काय म्हणतो, तेही बघा. मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाने ९ सप्टेंबर २०२० रोजी स्थगिती दिली, तेव्हा पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमांत आधीच झालेल्या प्रवेशांना धक्का लावू नये असं त्याच आदेशात होतं. ज्याचा प्रवेश झाला होता त्याला अपिलाची गरजच नव्हती.

तुम्ही त्या केसमध्ये आहात का?

भाची नाही. मग ती थेट अपील करू शकत नाही, आधी आत शिरावं लागतं. त्यासाठी हस्तक्षेप अर्ज, म्हणजे मूळ याचिकेत एक आय.ए. (चालू केसमधला अर्ज) लावायची. ‘मी निवड यादीत आहे, या आदेशाने माझी नियुक्ती अडली, मला न ऐकता हे झालं.’ अर्जाचा गाभा एवढाच. सोबत निवड यादीचं पान, आपल्या नावावर खूण करून, आणि अतिथी शिक्षक म्हणून काम केल्याची प्रमाणपत्रं.

यात एक जुना निवाडा फार उपयोगी पडतो. प्रबोध वर्मा विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, १९८४. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांच्यावर निकालाचा थेट परिणाम होणार आहे, त्यांच्यापैकी निदान काही जण तरी प्रतिनिधी म्हणून समोर असल्याशिवाय हायकोर्टाने अशी रिट ऐकू नये. याचिकाकर्त्यांनी फक्त शासनाला प्रतिवादी केलं असेल आणि एकाही निवड झालेल्या उमेदवाराला केलं नसेल, तर हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या.

चाळीस जणांनी चाळीस अर्ज लावू नका. पाच-सहा जणांनी मिळून एक अर्ज, एक वकील. कोर्टालाही बरं, खिशालाही.

त्याच कोर्टात स्टे उठवायचा अर्ज

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला हवी आणि लोक नेमकी इथेच सर्वांत कमी घेतात. ‘ज्यांनी स्टे दिला तेच कसे उठवतील?’ असं म्हणतात. उठवतात. पहिल्या तारखेला न्यायमूर्तींसमोर तयारीनिशी एकच बाजू होती आणि कागद अर्धे होते, उठवण्याच्या अर्जात दुसरी बाजू कागदांसह येते.

आदेश खरोखर एकतर्फी असेल, म्हणजे याचिकेच्या आणि कागदपत्रांच्या प्रती न देता आणि बाजू न ऐकता झाला असेल, तर घटनेच्या कलम २२६(३) चा आधार आहे. ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आजच्या रूपात आलं. बाधित पक्षाने स्टे उठवण्याचा अर्ज केला आणि त्याची प्रत समोरच्याला दिली, की हायकोर्टाने दोन आठवड्यांत तो निकाली काढायचा. दोन आठवडे अर्ज आल्यापासून किंवा प्रत दिल्यापासून, जे नंतरचं असेल तेव्हापासून मोजायचे. तोवर निकाल झाला नाही तर स्थगिती संपते, असं कलम म्हणतं. म्हणून प्रत दिल्याची पोच, तारीख आणि सहीसकट, जपून ठेवा. मात्र पंधराव्या दिवशी ‘स्टे आपोआप गेला’ म्हणून नियुक्तिपत्र घ्यायला धावू नका. हे बंधन कितपत कडक, यावर वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळं म्हटलं आहे. कोर्टासमोर उल्लेख करून तसा आदेश लिहून घेणं शहाणपणाचं.

अर्जात काय लिहायचं? स्थगिती देताना कोर्ट तीन गोष्टी पाहतं: प्रथमदर्शनी बाजू कोणाची भक्कम, स्टे दिला किंवा न दिला तर जास्त गैरसोय कोणाची, आणि भरून न निघणारं नुकसान कोणाचं. सरकारी धोरण असेल तर चौथी गोष्ट येते, लोकहित. या चारही मुद्द्यांवर मोघम लिहिलं की अर्ज पडतो. ‘विद्यार्थ्यांचं अपरिमित नुकसान होत आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि कोणीही ते वाचत नाही. त्याऐवजी: अमुक शाळेत गणिताचा एकही शिक्षक नाही, नववी-दहावीचे इतके विद्यार्थी, सहामाही परीक्षा या तारखेला, हा मुख्याध्यापकांचा दाखला. एवढं असलं की न्यायमूर्ती पान उलटायचं थांबतात.

उलट बाजूचं नुकसान भरून निघण्यासारखं आहे हेही दाखवा. याचिकाकर्त्यांसाठी तेवढ्या जागा रिकाम्या ठेवून बाकीची भरती होऊ द्या, नाहीतर नियुक्त्या निकालाच्या अधीन ठेवा, असा मधला मार्ग तुम्हीच सुचवा. पूर्ण स्टे उठवायला कचरणारं कोर्ट असा बदल पुष्कळदा मान्य करतं. अनुभव असा की ‘सगळं द्या’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एवढं तरी द्या’ म्हणणारा लवकर घरी जातो.

निवाड्यांपैकी तीन जवळ असू द्या. सिलिगुडी नगरपालिका विरुद्ध अमलेंदु दास, १९८४: नगरपालिकेच्या करवसुलीला सहजासहजी अंतरिम स्थगिती देण्यावर सुप्रीम कोर्टाने नाराजी दाखवली. डनलॉप इंडियाचं प्रकरण, १९८५: अबकारी कराचा वाद होता, आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी बजावलं की सरकारचा कारभार नुसत्या बँक गॅरंटीवर चालत नाही, रोख लागते. हेल्थ फॉर मिलियन्स विरुद्ध भारत सरकार, २०१४: तंबाखूच्या जाहिरातींवरच्या नियमांना मुंबई हायकोर्टाने दिलेली अंतरिम स्थगिती सुप्रीम कोर्टाने रद्द केली. कायदा किंवा नियम वैध आहे असं धरूनच चालायचं, हे त्यामागचं सूत्र.

रिट अपील: ४५ दिवस, आणि एक अडसर

एकल पीठाच्या आदेशाविरुद्ध त्याच हायकोर्टातल्या दोघांच्या पीठाकडे अपील जातं, ते मध्य प्रदेशाच्या २००५ च्या ‘खंड न्यायपीठ को अपील’ अधिनियमाखाली. मुदत आदेशापासून ४५ दिवस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

अडसर असा की याच अधिनियमाच्या कलम २ च्या परंतुकात स्पष्ट लिहिलं आहे: अंतर्वर्ती, म्हणजे अंतरिम, आदेशाविरुद्ध असं अपील चालणार नाही. मग दारच बंद? पूर्ण नाही. अरविंद कुमार जैन प्रकरणात २००७ साली आपल्याच हायकोर्टाच्या पूर्णपीठाने (दोनांहून अधिक न्यायमूर्तींच्या पीठाने) सांगितलं की नावाला अंतरिम असलेला आदेश प्रत्यक्षात एखादा हक्क किंवा मुद्दा कायमचा निकाली काढत असेल, तर अपील चालू शकतं. मिदनापूर पीपल्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या २००६ च्या निवाड्यात सुप्रीम कोर्टानेही कोणते अंतरिम आदेश अपीलयोग्य आणि कोणते नाहीत याची वर्गवारी केली आहे.

म्हणून अपिलाच्या मेमोत पहिला मुद्दा मूळ वादात कोण बरोबर याचा नको, अपील चालतं का याचा हवा. पहिल्याच सुनावणीत हाच प्रश्न येतो, आणि ‘मायलॉर्ड, पण अन्याय झाला आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही. भाचीच्या केसमध्ये दाखवावं लागेल की निवड यादीची मुदत अमुक तारखेला संपते, आणि तोवर स्टे राहिला तर याचिका जिंकली काय हरली काय, तिच्यासाठी सगळं संपलेलं असेल. यादीच्या मुदतीचा नियम जोडा. हे दाखवता येत नसेल तर रिट अपिलात पडू नका. त्याऐवजी मूळ याचिकाच लवकर ऐकण्याचा अर्ज लावा.

दुसरी मर्यादा: खालच्या न्यायमूर्तींनी स्वविवेकाने दिलेला अंतरिम आदेश वरचं पीठ ‘आम्ही असतो तर वेगळं केलं असतं’ एवढ्यावरून बदलत नाही. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निवाड्यापासून हे पक्कं आहे. आदेश मनमानी आहे, प्रस्थापित तत्त्व डावललं आहे, महत्त्वाचा कागद पाहिलाच नाही, असं काही दाखवायला लागतं. कारणं न देता दोन ओळींत दिलेला स्टे इथे सर्वांत कच्चा ठरतो.

आणि मूळ आदेशच दोघांच्या पीठाचा असेल तर रिट अपिलाचा प्रश्नच नाही.

दिल्ली

सुप्रीम कोर्टात घटनेच्या कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका, बोलीभाषेत एस.एल.पी. मुदत हायकोर्टाच्या आदेशापासून ९० दिवस. वकिलांपैकी ती फक्त अॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंद असलेला वकीलच दाखल करू शकतो. इंदूरचे तुमचे वकील कितीही मोठे असोत, दिल्लीतला असा वकील लागतोच. कागद इथूनच व्यवस्थित लावून पाठवा: आदेशाची नक्कल, याचिका, सगळी परिशिष्टं, तारखांची यादी. हिंदी कागदांचं इंग्रजी भाषांतरही इथेच करून घ्या, तिथे घाईत केलेलं भाषांतर महाग आणि कच्चं पडतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मुंबई हायकोर्टाने १४ नोव्हेंबर २०१४ रोजी १६ टक्के मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १८ डिसेंबरला कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला. अंतरिम आदेशांत हेच पुष्कळदा घडतं, आणि सोबत ‘हायकोर्टाने लवकर निकाल द्यावा’ अशी सूचना मिळाली तरी फेरी वाया गेली असं समजू नका. ती सूचना घेऊन इंदूरला याल तर तारीख लवकर मिळते.

स्थगिती सुप्रीम कोर्टानेच दिली असेल तर वर कोणी नाही, तिथेच अर्ज करायचा. २०२० च्या मराठा आरक्षण स्थगितीवर महाराष्ट्राने तसा अर्ज केला. घटनापीठाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्टे उठवायला नकार दिला, आणि ५ मे २०२१ ला कायद्यातलं आरक्षणच रद्द झालं.

सरकार अपील करत नसेल तर

धोरण सरकारचं, पण फाईल हलत नाही, ही नेहमीची तक्रार. सरकारी बाजूने प्रत्येक केसला एक प्रभारी अधिकारी असतो, ओआयसी. तो आदेश विभागाला कळवतो, महाधिवक्ता कार्यालयाचं मत येतं, मग भोपाळच्या विधी विभागाची मंजुरी. यात ४५ दिवस कधी सरतात कळत नाही. कोर्टंही वैतागली आहेत. मध्य प्रदेश सरकार विरुद्ध भेरूलाल, ऑक्टोबर २०२०: आपलंच राज्य ६६३ दिवस उशिराने सुप्रीम कोर्टात पोहोचलं. कोर्टाने याचिका फेटाळली, वर २५,००० रुपये खर्च लावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं.

ओआयसीचं नाव केसच्या जवाबात, शपथपत्रावर सापडतं. त्यांना भेटा, नम्रपणे, आणि लेखी निवेदन देऊन पोच घ्या. पण तुमचा अर्ज सरकारच्या भरवशावर थांबवू नका.

तोपर्यंत आदेश पाळायचा

अपील दाखल केलं म्हणजे स्टेवर स्टे मिळाला असं होत नाही. वरचं कोर्ट वेगळा आदेश देईपर्यंत खालचा लागू असतो. एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने मध्येच नियुक्तिपत्र वाटलं तर अवमान होतो: १९७१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्याने अवमान केला त्याच्या अपिलाकडे कोर्ट मग वेगळ्याच नजरेने बघतं.

‘सहा महिन्यांनी स्टे आपोआप जातो’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निवाड्यामुळे हा समज पसरला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने तो निवाडा मोडीत काढला. आता स्टे वर्षानुवर्षं राहू शकतो. मार्च २०१९ मध्ये जबलपूरला, आपल्या हायकोर्टाच्या मुख्य पीठात, ओबीसी आरक्षण २७ ऐवजी १४ टक्क्यांवरच ठेवणारा अंतरिम आदेश झाला, तो पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांपुरता होता, पण त्यातून सुरू झालेलं त्रांगडं पुढे कित्येक भरत्यांना चिकटलं.

दिवाणी कोर्टाचा स्टे

नगरपालिकेची नोटीस, रस्त्याची आखणी, लिलाव अशा बाबतींत स्टे जिल्हा न्यायालयातून येतो. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ४ खाली तो उठवायचा अर्ज, किंवा आदेश ४३ नियम १(आर) खाली अपील. दिवाणी न्यायाधीशाचा आदेश असेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे ३० दिवसांत. शासनाविरुद्ध त्याच संहितेच्या कलम ८० ची आगाऊ नोटीस न देता तातडीचा दावा झाला असेल, तर शासनाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अंतरिम दिलासा देता येत नाही, हे कलम ८०(२) बघा. आणि रस्ते, पाणीपुरवठा, मेट्रो अशा पायाभूत प्रकल्पाला उशीर होईल असा मनाई हुकूम देण्यावर २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात, कलम ४१(एचए) मध्ये, बंदी आणली आहे.

एक जागेचा घोळही टाळा. खरगोन, बडवानी, धार, देवास, उज्जैन इंदूरला येतात, पण खंडवा-बुऱ्हाणपूरच्या केसेस जबलपूरला जातात. बुऱ्हाणपूरची मंडळी इंदूर जवळ म्हणून इथे येऊन बसतात आणि हात हलवत परत जातात.

स्टे उठल्याच्या दिवशी

पेढे नंतर. त्याच दिवशी आदेश उतरवून ओआयसीच्या हातात द्या, कारण विभागाला ‘अधिकृत माहिती मिळाली नाही’ म्हणायला फार आवडतं. मूळ याचिका अजून शिल्लक आहे, तेव्हा भाचीच्या नियुक्तिपत्रावर ‘अंतिम निर्णयाच्या अधीन’ असेल. ते वाक्य बघून घाबरू नका, पण तिने जुनं काम सोडताना ते लक्षात ठेवलेलं बरं. आणि समोरचे आता तुमच्याच रस्त्याने वर जाणार. एकल पीठाने स्टे उठवला असेल तर रिट अपिलात, दोघांच्या पीठाने उठवला असेल तर सुप्रीम कोर्टात, दोन्हीकडे शंका असेल तर दोन्हीकडे कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ अशी आगाऊ सूचना, लावा. तिची मुदत ९० दिवस. तारीख मुन्शींच्या डायरीत लिहून घ्या आणि ती उलटायच्या आत नवी लावा.